हरलेला कर्णधार मूर्खच असतो काय?

क्रिकेटचा कर्णधार शहाणा की अडाणी, हे आपल्याकडे सामना संपल्यावर ठरते. जिंकला तर तो चाणक्य, हरला तर तो ठोंब्या! परीक्षेचा निकाल आधी ऐकून मग उत्तरपत्रिका तपासायला बसणाऱ्या मास्तरांना आपण काय म्हणू? त्यांची दुसऱ्या दिवशी बदलीच करू. पण क्रिकेटच्या बाबतीत आपण सारेच असले मास्तर आहोत, आणि त्याची आपल्याला लाज तर नाहीच, उलट अभिमान आहे.

आमच्या नाशिकचेच पाहा. गोल्फ क्लबच्या मैदानावर, ज्याचे कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे, हिवाळ्यात महाराष्ट्राचा एखादा रणजी सामना होतो. जानेवारी २०२५ मध्ये बडोद्याशी झाला, तसा. मग उन्हात पाठ शेकत बसलेल्या मंडळींत कर्णधार या विषयावर जी रणे माजतात, त्यांपुढे मैदानावरचा खेळ फिका पडतो. या मंडळींत चार पक्ष आहेत. पहिला आकडेवाल्यांचा: किती सामने जिंकले ते सांगा, बाकीची बडबड नको. दुसरा धडाडीवाल्यांचा: कर्णधार कसा वाघासारखा डरकाळ्या फोडणारा हवा. तिसरा थंड डोक्यावाल्यांचा: आभाळ कोसळले तरी ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही, तोच खरा. आणि चौथा, सर्वांत मोठा पक्ष असे मानतो की, जो सर्वांत चांगला फलंदाज, त्यालाच कर्णधार करावे. त्यात विचार तो कसला करायचा?

ही भांडणे आपलीच आहेत असे समजू नका. अमेरिकेत कॉलेजच्या मुलांचा फुटबॉल पाहायला एकेका मैदानावर लाखाची गर्दी लोटते. तो फुटबॉल पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू बहुतेक वेळा प्रथम त्याच्या हाती येतो, आणि तो कुणाकडे फेकावा, कुणाच्या हाती द्यावा, की आपणच घेऊन पळत सुटावे, हे त्या वीस-एकवीस वर्षांच्या पोराला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. तेही समोरून चारपाच आडदांड गडी अंगावर धावून येत असताना. तिथेही लोक हाच वाद घालतात. त्याचा हात जोरकस हवा की डोके शांत हवे? की काहीही करून सामना जिंकून दिला म्हणजे झाले? तेव्हा हा रोग जगभरचा आहे. पण रोग जगभरचा आहे म्हणून आपण औषध घेऊ नये, असे थोडेच आहे?

माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. कर्णधाराची पारख निकालावरून करू नये. निर्णय घेतला त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते आणि त्याच्या हाताशी कोण होते, यावरून करावी. आणि ती त्याच्या स्वतःच्या धावांवरूनही करू नये. त्याच्यासोबतचे दहाजण त्याच्या हाताखाली वाढले की खुरटले, यावरून करावी.

प्रथम निकालाचे घेऊ. २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्गला वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात पाकिस्तानला तेरा धावा हव्या होत्या. हरभजनचे एक षटक शिल्लक असताना महेंद्रसिंग धोनीने चेंडू दिला तो जोगिंदर शर्माला. पहिला चेंडू वाईड गेला. पुढे मिसबाहने एक षटकारही मारला. आता चार चेंडूंत सहा धावा. मिसबाहने चेंडू मागच्या बाजूला उचलला, तो हवेत चढला आणि श्रीशांतच्या हातात येऊन विसावला. त्या क्षणापासून धोनी हा थंड डोक्याचा महापुरुष ठरला. आता मला सांगा, तोच चेंडू चार हात पुढे पडला असता तर? "हरभजन असताना जोगिंदरला चेंडू देणारा हा कोण दीडशहाणा?" असे आपणच ओरडलो असतो. धोनीचा निर्णय दोन्ही वेळी तोच राहिला असता! हरभजनला आधीच मार पडला होता, हे त्याला ठाऊक होते. तेवढ्या माहितीवर त्याने जे ठरवले, ते चेंडू हवेत जाण्यापूर्वीच चांगले किंवा वाईट ठरून गेले होते. झेल ही श्रीशांतची कमाई. तिच्यावरून धोनीच्या डोक्याचे वजन कसे करता येईल?

पण याहून बोलके उदाहरण आपल्या अजित वाडेकरांचे. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने खाल्ला. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या बळावर आपल्या ३८७ झाल्या, आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० धावांची आघाडी लागते, म्हणून यजमान निर्धास्त होते. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरायचा आणि मग १५० धावांची आघाडी पुरते, हा नियम वाडेकरांनी ध्यानात ठेवला होता. ते शांतपणे सोबर्सकडे गेले आणि म्हणाले, पुन्हा खेळायला या. तो सामना अनिर्णित राहिला. म्हणजे आकडेवाल्यांच्या वहीत त्या निर्णयाची किंमत शून्य! पण ज्या सोबर्सपुढे आपले संघ आजवर पोटात गोळा घेऊन उभे राहत, त्याच्या संघाला आपण फॉलोऑन देऊ शकतो, हे अकराही जणांना त्या दिवशी कळले. पुढच्याच पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत वाडेकरांनी सलीम दुराणीच्या हाती चेंडू दिला. त्याने लॉइड आणि सोबर्स या दोघांनाही माघारी धाडले. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडमध्येही आपण मालिका जिंकली.

मग काय विचारता! इंदूरला विजयाचे स्मारक म्हणून भलीमोठी काँक्रीटची बॅट उभी राहिली. आणि तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, इंग्लंडमध्ये आपण तिन्ही कसोट्या हरलो, लॉर्ड्सवर ४२ धावांत गुंडाळलो गेलो, तेव्हा त्याच बॅटला काळे फासण्यात आले. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले आणि त्यांनी खेळाला रामराम ठोकला. डोके तेच, माणूस तोच. मग १९७१ साली असलेली अक्कल १९७४ साली कुठे गहाण पडली होती? वाडेकर १९७४ मध्ये चुकलेच नाहीत, असे मी म्हणत नाही. कोणत्या दिवशी कोणता निर्णय चुकला ते दाखवा, मी मान डोलवीन. पण डांबराचा ब्रश हाती घेणाऱ्याला असला हिशेब नको असतो. त्याला फक्त आपली निराशा कुणाच्या तरी तोंडाला फासायची असते.

आता चौथ्या पक्षाकडे वळू, कारण तो संख्येने मोठा आहे. जो उत्तम फलंदाज तोच उत्तम कर्णधार, हे खरे असते तर सचिन तेंडुलकरइतका थोर कर्णधार पृथ्वीवर झाला नसता. त्याने पंचवीस कसोट्यांत नेतृत्व केले. चार जिंकल्या, नऊ हरल्या. सचिनचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो आपला आग्रह की, ज्याच्या बॅटीत जादू त्याच्या जिभेतही ती असलीच पाहिजे. उलट इंग्लंडचा माइक ब्रेअर्ली पाहा. एकोणचाळीस कसोट्या खेळला, एकही शतक नाही, सरासरी तेवीसच्या आत. केवळ फलंदाज म्हणून त्याला आपल्या गल्लीच्या संघातसुद्धा कुणी तिसऱ्या क्रमांकावर पाठवले नसते! पण एकतीस कसोट्यांत त्याने नेतृत्व केले. अठरा जिंकल्या आणि चारच हरल्या. "निकाल पाहू नका म्हणता आणि आता निकालच सांगता!" असे आकडेवाले म्हणतील. ठीक आहे, निकाल सोडा, बोथमकडे पाहा. इयान बोथम कर्णधार असताना बारा कसोट्यांत एकही जिंकू शकला नाही, आणि त्याचा स्वतःचा खेळही कोमेजला. १९८१ साली त्याने कर्णधारपद सोडले, ब्रेअर्ली परत आला, आणि पुढच्याच लीड्सच्या कसोटीत फॉलोऑन मिळालेला असताना याच बोथमने नाबाद १४९ धावा कुटल्या. ब्रेअर्लीने बोथमला फलंदाजी शिकवली नव्हती. त्याने त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवून आपल्या डोक्यावर घेतले, एवढेच. कर्णधाराचे खरे काम हे!

या कामाचा एक भाग म्हणजे कोणत्या माणसाचा कधी काय उपयोग, हे ओळखणे. त्याबाबतीत नाशिककरांना दूर जायला नको. बापू नाडकर्णी हे इथलेच, १९३३ साली नाशिकला जन्मलेले. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी ओळीने एकवीस षटके निर्धाव टाकली. १३१ चेंडू, पण एकही धाव नाही! डावाचा हिशेब असा: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सरावाला खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकीत, असे सांगतात. धडाडीवाल्यांना हा माणूस काय कामाचा? बळी शून्य! पण घराचे एक दार अशा माणसाने घट्ट लावून धरले, म्हणजे दुसऱ्या दाराशी शिकारी उभा करता येतो. पतौडींना ते कळत होते. ज्या कर्णधाराला फक्त शिकारीच दिसतात आणि दार धरणारा दिसत नाही, त्याने कितीही डरकाळ्या फोडल्या तरी तो कर्णधार नव्हे. तो नुसता पुढे चालणारा माणूस आहे.

दुसरा भाग स्वभावाचा. थंड डोक्यावाल्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. कपाळावर आठी नसणे हे नुसते कातडीचे लक्षण झाले. आठी नाही, म्हणून पुढे काय? नाशिक-पुणे रस्त्यावरच्या संगमनेर तालुक्याशी ज्याचे मूळ जोडलेले आहे, त्या अजिंक्य रहाणेचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत संपला, कर्णधार कोहली ठरल्याप्रमाणे घरी परतला आणि मोडकी नौका रहाणेच्या हाती आली. मेलबर्नला त्याने शतक काढले. आणि ११२ वर असताना रवींद्र जडेजाच्या पन्नासाव्या धावेच्या घाईत तो धावबाद झाला. अशा वेळी हातवारे करीत, बॅट आपटीत परतणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत. रहाणे जडेजाजवळ गेला, त्याच्या पाठीवर थाप मारली, खेळत राहा म्हणाला, आणि मग तंबूकडे वळला. तो सामना आपण जिंकलो आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला, निम्मा संघ जायबंदी असताना, मालिकाही. पण मी म्हणतो, हे दोन्ही सामने हरलो असतो तरी त्या एका थापेची किंमत तेवढीच राहिली असती. आपल्या चुकीने शतकवीर बाद झाला तरी कर्णधार आपल्याला फाडून खात नाही, हे ज्या संघातल्या पोरांना कळले, ती पोरे ब्रिस्बेनला भीत नाहीत.

आता यातला सर्वांत कडू भाग. "नेतृत्व हे रक्तातच असावे लागते," असे एक वाक्य आपल्याकडे मोठ्या रुबाबात फेकले जाते. या वाक्याने आपल्या क्रिकेटचे केवढे नुकसान केले आहे! पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची चाकरी करता करता गोलंदाज झालेले पळवणकर बाळू हे त्या काळचे हिंदुस्थानातले सर्वश्रेष्ठ गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण जन्म चर्मकार समाजात. मैदानावर त्यांच्या हातून चेंडू चाले, चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! हिंदू संघाने त्यांना कर्णधार कधी केले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल यांचाही हक्क डावलला गेला, तेव्हा पळवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेऊन जाहीर निषेध केला. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्याच वर्षी हिंदू संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. म्हणजे गुण रक्तात नव्हता, असे नाही. तो पाहण्याची दृष्टी समाजाच्या डोळ्यांत नव्हती!

आणि ज्यांच्या रक्तात नेतृत्व असल्याची खात्री होती, त्या संस्थानिकांचे काय झाले? १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. त्यांचा खेळ बेताचा होता. पण लॉर्ड्सच्या पहिल्यावहिल्या कसोटीच्या वेळी ते आपण होऊन बाजूला झाले आणि नेतृत्व नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंच्या हाती गेले. माझ्या मते पोरबंदरच्या महाराजांची गणना चांगल्या कर्णधारांत करायला हरकत नाही. आपल्यापेक्षा योग्य माणूस शेजारी उभा आहे हे ओळखून उठणे, हा निर्णय फार थोड्यांना जमतो. क्रिकेटबाहेर तर कुणालाच नाही! याउलट डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम हाताशी आला होता. तेव्हा काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासह चालते झाले. हरणे हा गुन्हा नाही. पण आपल्याविरुद्ध विक्रम नोंदला जाऊ नये म्हणून खेळच मोडणे, यापरते वाईट नेतृत्व दुसरे नाही.

यावर कोणी म्हणेल, जुन्या राजेरजवाड्यांच्या गोष्टी आता कशाला उकरता? तर ताजी घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकात आपला संघ ओळीने तीन सामने हरला. तिसरा इंग्लंडविरुद्ध, इंदूरला, अवघ्या चार धावांनी. लगेच हरमनप्रीत कौरला काढा, अशी ओरड झाली. बरोबर चौदा दिवसांनी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या अंतिम सामन्यात तिने शफाली वर्मासारख्या अधूनमधून गोलंदाजी करणाऱ्या मुलीच्या हाती चेंडू दिला. शफालीने दोन बळी घेतले आणि विश्वचषक आपल्याकडे आला. ओरडणाऱ्यांनीच मग आरत्या ओवाळल्या. चौदा दिवसांत हरमनप्रीतच्या डोक्यात असे काय नवे भरले गेले? काहीच नाही. बदलला तो आपला सूर.

"अहो, लोक दोन घटका ओरडले तर बिघडले काय? करमणूक आहे!" हा शेवटचा आणि सर्वांत गोड युक्तिवाद. मोठ्यांचे काही बिघडत नसेल. ते त्यासाठी मानधन घेतात. पण ही ओरड घरातली पोरे ऐकत असतात. दिवाळीच्या सुटीत गल्लोगल्ली टेनिसच्या चेंडूचे सामने रंगतात. तिथे कर्णधार कोण असतो? ज्याची बॅट तो, किंवा ज्याचे वडील पंच तो! त्यांतूनही एखादा खरा कर्णधार निपजतो. कच्च्या पोराला शेवटचे षटक देतो, ते षटक महागात पडते, सामना जातो, आणि घरी आल्यावर वडील पहिले वाक्य म्हणतात, "त्याला कशाला दिलेस?" त्या पोराने निर्णय का घेतला, हे कुणी विचारीत नाही. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा तो कच्च्या पोराच्या हाती चेंडू देतच नाही. चौथ्यांदा तो निर्णयच घेत नाही. सगळ्यांना विचारून, सगळ्यांना खूष ठेवून, कुणी बोट दाखवणार नाही असे काहीतरी करतो. पुढे हाच मुलगा कचेरीत साहेब होतो, संस्थेत चिटणीस होतो, आणि मग आपण तक्रार करतो की, आपल्या देशात जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येत नाही. कसा येईल? पुढे आलेल्याला काळे फासायचे, हे आपणच त्याला लहानपणी शिकवले ना!

म्हणून या फराळाच्या दिवसांत एवढे करा. पोरगा सामना खेळून घरी आला की, "जिंकलात का?" हा प्रश्न चकलीबरोबर गिळून टाका. त्याऐवजी दुसरा विचारा: "ज्याला बॅटिंगही मिळाली नाही आणि बोलिंगही मिळाली नाही, तो तुमचा अकरावा गडी घरी जाताना हसत गेला का?" उत्तर "हो" आले, तर खुशाल समजा की त्या संघाला कर्णधार लाभला आहे. मग फळ्यावर धावा किती का लागल्या असेनात!